नदीकाठचं स्थळ

मला बघायला आलेल्या पाहुण्यांना कारभारीनानांनी सगळ्यात आधी दाखवली ती कट्यार. मग दोन गंजलेल्या तलवारी, मग हिमरूची एक विरलेली शाल. शेवटी पाहुण्यांपैकी कुणीतरी घसा खाकरून विचारलं, "मुलगी कधी दाखवताय?"

"पोरगी का वस्तू हाय व्हय दावायला?" नाना म्हणाले. "वस्तू बघायच्या तर कपाटातल्या बघा. इत्मिनानानं बघा. पोरगी संगं चालतीया, तिच्याशी बोला."

नाना मुकुंदवाडीतले आमचे शेजारी. मूळचे फुलंब्रीकडचे, शेतकरी घरातले. शहरात एका तेलाच्या गिरणीवर मुकादम होते. कारभारी ही काही पदवी नव्हती, आईबापांनी ठेवलेलं नाव होतं. पण ते नाव त्यांनी फार मनावर घेतलं होतं. गल्लीतल्या कुठल्याही पोरीचं लग्न जुळवायचं म्हटलं की कारभार नानांकडं. अट एकच. बघण्याचा कार्यक्रम घरात नाही. पाट नाही, पोहे नाहीत, खाली मान घालून बसणं नाही. दोन्हीकडच्यांनी खाम नदीच्या काठावर यायचं, तिथल्या जुन्या वस्तूंच्या संग्रहालयात.

हे संग्रहालय म्हणजे एक दगडी इमारत, काही अंधाऱ्या खोल्या आणि मागच्या बाजूला नदीकडं उघडणारी एक मोठी खिडकी. तेव्हा शहराला औरंगाबाद म्हणत, आणि खामला नदी म्हणत ते पावसाळ्याच्या भरवशावर. तिकडं फारसं कुणी फिरकत नसे. दारावर रशीदचाचा नावाचे म्हातारे चौकीदार बसायचे. नटूनथटून आलेली माणसं पाहून ते सुरुवातीला फार वैतागत.

"नाना, ये अजायबघर है, शादीखाना नै."

"खाना नको चाचा, सिर्फ शादी," नाना म्हणत आणि तिकिटं काढत.

नानांची पहिली इयत्ता निजामाच्या राज्यात उर्दूत झाली होती. पोलीस ॲक्शननंतर शाळा मराठी झाली आणि नानांचं शिक्षणावरून मन उडालं. उर्दूतला एकच शब्द, निवांतपणाचा, त्यांनी जन्मभर जपला. इत्मिनान. जेवायचं इत्मिनानानं, भांडायचं इत्मिनानानं, एसटी सुटत असली तरी चढायचं इत्मिनानानं. त्यापायी त्यांच्या पुष्कळ एसट्या चुकल्या.

संग्रहालयातल्या वस्तूंची त्यांना काडीची माहिती नव्हती. बिदरी हुक्क्याला ते कित्येक वर्षं गुलाबदाणी समजत होते. त्यांचं लक्ष वस्तूंकडं नसायचंच, ते असायचं नवरदेवाकडं. एक पोरगा तलवारीपुढं छाती काढून उभा राहिला आणि काचेत बघून त्यानं भांग पाडला. नाना पोरीच्या बापाच्या कानात म्हणाले, "ह्याला बायको नगं, आरसा द्या." दुसऱ्या एका स्थळाच्या बापानं चांदीच्या पानदानाकडं बोट करून विचारलं, "वजनात किती भरंल?" नानांनी तिथंच रामराम ठोकला. "आज डब्याचं वजन इचारतो, उद्या सुनंच्या अंगावरलं इचारंल." पुढं पुढं चाचांनाही गोडी लागली. मंडळी बाहेर पडली की ते हळूच विचारायचे, "क्या हुआ नाना, पास या फेल?"

मला बघायला आलेला मुलगा कन्नडचा होता, साखर कारखान्यात कामाला. तो तलवारी सोडून एका मोठ्या रांजणापाशी थांबला.

"असला आमच्या घरी आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "आई त्यात कांदे ठेवते. आता घरी गेल्यावर त्याला काच बसवावी लागणार."

मी हसले. इतकंच झालं. तेवढ्यात त्याची आई मला म्हणाली, "बाळ, जरा चालून दाखव बरं."

नाना आडवे आले. "आत्ता सगळं म्युझियम चालली की ती तुमच्या पुढं! तुम्हीच मागं ऱ्हायलात, माय."

माझी आई घाबरून पदराचं टोक चावायला लागली. पण ती बाई गुडघे धरून बाकावर बसली आणि खळखळून हसली. म्हणाली, "खरंय. माझेच पाय दुखतात." त्या दिवसापासून त्या माझ्या सासूबाई.

लग्नाच्या आधी मी गयाआत्याला विचारलं होतं, नानांना हे संग्रहालयाचं खूळ कुठून लागलं? गयाआत्या म्हणजे नानांची धाकटी बहीण. नानांची बायको तरुणपणीच वारली, मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून घर आत्याच सांभाळायची. ती शेंगा फोडत बसली होती. हात न थांबवता तिनं सांगितलं.

"मला लई जणांनी बघितलं गं, फुलंब्रीला. कुनी केस सोडून बघितले, कुनी सुईत दोरा ओवून घेतला. एकदा तर मला अंगणात नेलं, उन्हात उभी केली, रंग बघायला. नाना तवा पोरगाच व्हता. बापापुढं काय बोलनार? कोपऱ्यात उभा ऱ्हाऊन रडला. ती लोकं गेल्यावर म्या म्हनलं, आता मला कुनापुढं दावू नका. परत कुनी नाय दावलं."

मग शेंगांची टरफलं पाखडत ती म्हणाली, "मी कदी गेले नाय त्या म्युझियमात. मला काय करायचंय तिथं?"

पण एकदा ती गेली. माझ्या लग्नानंतर काही वर्षांनी, मी माहेरी आले होते तेव्हा. गल्लीतल्या एका पोरीला बघायला पाहुणे यायचे होते, तिची आई आजारी, म्हणून सोबतीला गयाआत्या आणि मी. मुलाबरोबर त्याचे चुलते आले होते. साहेबराव त्यांचं नाव, तेही कन्नडकडचेच. पोस्टातून नुकतेच निवृत्त झालेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. सगळे पोरापोरीमागं फिरत होते आणि हे दोघं मागच्या खिडकीपाशी उभे होते.

"नदीला पाणी असतं का हो?" साहेबरावांनी विचारलं.

"पावसाळ्यात देवाचं असतं," आत्या म्हणाली. "येरवी गावाचं."

साहेबराव इतके हसले की चाचा दारातून उठून आत आले.

पोरापोरीचं काही जुळलं नाही. पण पुढच्या आठवड्यात साहेबराव एकटेच मुकुंदवाडीला आले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सरळ नानांना म्हणाले, "आपल्या बहिणीला इचारा. त्या नाय म्हनल्या तर च्या पिऊन जातो."

आख्ख्या गल्लीच्या पोरींसाठी बोलणाऱ्या नानांनी तेव्हा नुसतं पाणी मागितलं. पाणी आणायला गयाआत्याच उठली, आणि येताना दोन पेले घेऊन आली.

त्यानंतर दोन-तीन दिवस नाना गिरणीवरून यायचे, जेवायचे, ओट्यावर बसायचे. आत्या भाकऱ्या थापायची. गल्ली मात्र बोलत होती, या वयात कसलं लग्न म्हणून. रविवारी सकाळी नाना धुतलेला सदरा घालून बाहेर आले आणि मला म्हणाले, "चल गं. साहेबरावाला निरोप धाडलाय. तू संगं ऱ्हा, तिला धीर."

संग्रहालयाच्या दाराशी त्यांनी दोनच तिकिटं काढली. ती साहेबरावांच्या हातात दिली आणि स्वतः नदीकडच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. आत्याला माझ्या सोबतीची गरज दिसत नव्हती, म्हणून मीही त्यांच्याशेजारी टेकले.

चाचा आले. "अंदर नै आते नाना? आज पास-फेल कौन करंगा?"

नाना नदीकडं बघत होते. "आत गेलो तर त्या मानसात खोड काढीन चाचा," ते म्हणाले. "आन मानूस चांगला हाय."

चाचा उभे होते ते खाली बसले. बिडी काढून त्यांनी नानांपुढं धरली. नानांनी ती घेतली, पेटवली मात्र नाही.

बऱ्याच वेळानं ती दोघं बाहेर आली. साहेबरावांनी नानांना वाकून नमस्कार केला आणि ते कन्नडच्या जीपकडं निघून गेले.  आत्याच्या चेहऱ्यावर होकार दिसतच होता.

परतताना आम्ही रिक्षात बसलो, मी मधे. मुकुंदवाडीचं रेल्वे फाटक लागलं होतं. इंजिनाची वाट बघत रिक्षा उभी राहिली, तेव्हा नाना पहिल्यांदा बोलले.

"गये, भाकरीच्या पिठात पानी गार घालत्यात का ऊन?"

आत्यानं तोंड बाहेर वळवलं. तिचा पदर डोळ्यांशी गेला आणि तिथंच राहिला. गाडी येऊन गेली, फाटक उघडलं, मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले.

"कढत," ती म्हणाली. "कढत घालावं, नाना. भाकरीला चिरा पडत न्हाईत मग."