शिक्षेला सोबत

शेषराव काका शिट्टी वाजवत नाहीत. कबड्डीचं मैदान असो की लग्नाची पंगत, त्यांच्या हातात तिकिटं टोचायचा लोखंडी चिमटा असतो. एकदा टक केलं की थांबा, दोनदा टकटक केलं की चला. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली, पण हा चिमटा नोकरीतला नाही. "तो सरकारी होता, जमा केला. हा भंगारवाल्याजवळून घेतला," असं ते कुणी न विचारताच सांगतात.

कळंबपासून जवळच आमचं गाव. विहारामागच्या मोकळ्या जागेत आमचं कबड्डी मंडळ चालतं. काका त्याचे शिस्तप्रमुख, मी सचिव. घराण्यातली पहिली बी.ए. मी, आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नाही. काकाही देत नाहीत. पाहुणा आला की आधी माझ्याकडे बोट. "हे आमची बी.ए. होय. अर्ज असा लिहिते का साहेब उठून उभा रायते." आजवर एकही साहेब उठलेला नाही, पण मी दुरुस्ती करत नाही.

सराव पाचला. पाचला टकटक झाली की गाडी सुटली. नंतर आलेला उशिराचा. मग नखांची तपासणी. काका ओळीसमोरून चालत जातात आणि म्हणतात, "हात खिडकीबाहेर काढा." सगळ्यांचे हात पुढे. अंगाला तेल लावलेलं चालत नाही, पकडीतून माणूस निसटतो. आणि सगळ्यात मोठा गुन्हा खर्रा. सुपारी-तंबाखूचं ते घोटलेलं मिश्रण आमच्याकडे मिसरूड फुटायच्या आधी तोंडात जातं. काका प्रत्येकाला म्हणतात, "तोंड दाखव." पोरं म्हणतात, दाताच्या डॉक्टरनेसुद्धा आमचं तोंड इतक्या वेळा पाहिलं नसेल.

शिक्षा एकच. मैदानामागे बाद झालेल्या खेळाडूंनी बसायची चौकट आखलेली असते. गुन्हेगारानं तिथं बसून अख्खा सराव नुसता पाहायचा. विचित्र गोष्ट ही की काकाही त्याच्याजवळ जाऊन बसतात. गुडघे कुरकुरतात, तरी मांडी घालून. गुन्हेगार दोन असले तर मधोमध. त्यामुळे परगावचा माणूस आला की त्याला वाटतं, या मंडळात सगळ्यात वांड हा म्हाताराच असावा.

तालुक्याच्या संघटनेनं एकदा आचारसंहिता लेखी मागितली. मी छान भाषेत लिहायला घेतली: 'खेळाडूंनी मादक पदार्थांचे सेवन करू नये.'

"हे कोनाले समजन?" काका म्हणाले. "खर्रा लिही. नाई तं पोट्टे म्हनतीन, आमी सेवन नाई केलं जी, आमी तं नुसता खाल्ला."

मी खर्रा लिहिलं. शेवटी ते म्हणाले, "आता लिही, शिक्षा देनारा शिक्षा घेनाऱ्याजवळ बसन."

"काका, असा नियम कुठंच नसतो. तालुक्याचे लोक हसतील."

"हसू दे. लिही."

तेव्हा मी विचारलं नाही. मिलिंदची गोष्ट मात्र गावात सगळ्यांना ठाऊक आहे. मिलिंद काकांचा मुलगा, मंडळाचा सगळ्यात चांगला चढाईपटू. काही वर्षांपूर्वी एका सामन्याआधी त्याच्या तोंडात खर्रा सापडला, आणि काकांनी त्याला बाहेर बसवलं. आम्ही तो सामना हरलो. मिलिंद मैदानावरून घरी न येता पुण्याची गाडी धरून गेला. आईला फोन करायचा. काकू वारल्यावर तोही बंद झाला.

म्हणून यंदा तालुक्याच्या अंतिम सामन्याच्या सकाळी रोहितच्या तोंडात खर्रा सापडला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी आधी काकांकडे पाहिलं. रोहित आमचा कर्णधार. त्याच्याशिवाय संघ म्हणजे नुसते सहा बनियन.

"काका, आजच्या दिवस जाऊ द्या ना," मी म्हणाले. मी सचिव, तरी म्हणाले.

"आजच्या दिवसाचं तिकीट येगळं रायते का?"

अध्यक्ष गौतमभाऊ मग जे कुणी बोलत नव्हतं ते बोलून गेले. "मिलिंद गेला तसा हाही जाईन काका. मग कोनाले शिस्त लावसान?"

काकांचा हात चिमट्यावर तसाच राहिला. मला वाटलं, आज सुटेल हा. पण चिमटा वाजला. एकदाच.

सामना सुरू झाला. काकांसाठी पाहुण्यांच्या रांगेत खुर्ची होती. ते चौकटीत गेले आणि रोहितशेजारी मांडी घातली. मी गुणलेखकाजवळ होते, सगळं ऐकू येत होतं.

"तुमी खुर्चीवर जा ना जी," रोहित चिडून म्हणाला. "मी काय पळून जाऊन राह्यलो? राखन कायले पायजे?"

"राखन नोय बाप्पा." काका समोर मैदानाकडेच पाहत होते. "त्या दिवशी म्या खुर्चीवरच बसलो होतो. पोट्टा इथं एकटा बसून होता. नियम बरोबरच होता माहा. मी बसलो चुकीच्या जागी."

आम्ही हरलो. रोहित तिथूनच निघून गेला, आणि सरावाला यायचा बंद झाला. पाचला काका एक टक करायचे, रस्त्याकडे पाहायचे, आणि दुसरी टक करायला उशीर लावायचे. गाडी वेळेवर सोडणारा माणूस तो. पोरांनी पाहिलं, पण कुणी घड्याळ दाखवलं नाही.

मग एका संध्याकाळी पाचच्या आधी रोहित येऊन ओळीत उभा राहिला आणि न सांगता हात पुढे केले. काकांनी नखं पाहिली. "वाढले आहेत," एवढंच म्हणाले.

परवाच्या रविवारी पाच वाजले, पण चिमटा वाजला नाही. काका आले तेव्हा पोरांचं धावणं संपत आलं होतं. अंगात इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी लावून भांग. मिलिंदला त्यांनी स्वतः फोन केला होता, हे मला माहीत होतं. नंबर मीच लावून दिला होता. येतोस का म्हटल्यावर तो 'बघतो' म्हणाला होता. काका कळंबच्या स्टँडवरून येत होते. एकटे.

त्यांनी चिमटा रोहितच्या हातात दिला. "उशीर झाला," म्हणाले, आणि चौकटीत जाऊन बसले.

पोरं एकमेकांकडे पाहू लागली. रोहितनं एकदा टक केलं. मग चिमटा शेजारच्याकडे दिला, चौकटीत गेला आणि काकांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला.

"नाई आला का जी?"

"नाई." काकांनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या. "पन फोन उचलला त्यानं."

 मग काका त्याच्याकडे वळून म्हणाले, "तोंड दाखव."

त्यानं दाखवलं. काकांनी वाकून नीट पाहिलं, मान हलवली. तिकडे मैदानात कुणीतरी दोनदा टकटक केलं.