एका पानावरच्या तीन प्रजाती

एका जंगलात, जिथे बाराही महिने चिकचिक असते आणि झाडं शेवाळाचे पायमोजे घालूनच उभी असतात, तिथे कुंभ्याच्या झाडाच्या एका पानावर शिदोबा नावाचा ढेकण्या राहत होता. नाक मुरडू नका, मुलांनो. हा खाटेतला ढेकूण नव्हे. ढेकण्या पानाचा रस पितो, माणसाच्या वाटेला जात नाही. चांगल्या घरातला असतो.

शिदोबा काळा, लांबट, मोठ्या पंखांचा. त्याची बायको गोजरा नारिंगी आणि गोलमटोल, पंख म्हणाल तर नुसते नावाला. तिला उडता यायचं नाही. पोरं लालभडक, थेट मुंग्यांसारखी. या ढेकण्यांत हे असंच असतं. नवरा एका तऱ्हेचा, बायको दुसऱ्या तऱ्हेची, आणि पोरं भलत्याच कुणावर गेलेली. तुमच्याही घरात असेल, पण तो विषय नको.

पाऊस आला की शिदोबा पोरांवर पंख पसरून उभा राहायचा. "अहो, जरा डावीकडे सरका, धाकटी भिजतेय," गोजरा म्हणायची. तो सरकायचा. असा तो संसार होता.

त्याच झाडाच्या शेंड्यावर धनेशशास्त्री राहत. धनेश पक्ष्याच्या चोचीवर आणखी एक चोच असते, त्यामुळे तो काहीही बोलला तरी वजनदार वाटतं. शास्त्रीबुवांचं काम नव्या प्रजाती शोधायचं. पण बऱ्याच दिवसांत त्यांना काही सापडलं नव्हतं. आणि जंगलाचा नियम असा, की ज्याला नवं काही सापडत नाही त्या विद्वानानं खालच्या फांदीवर राहायला जायचं. खालच्या फांदीवर माकडं असतात. विद्वानांना बघून ती आपली बसायची जागा खाजवतात.

एका सकाळी शास्त्रीबुवा भिंग घेऊन खाली उतरले. पानावर शिदोबा दिसला. "नवी प्रजाती," ते म्हणाले. पान उलटून पाहिलं तर गोजरा. "आणखी एक." देठाजवळ पोरं खेळत होती. "आणि ही तिसरी." शास्त्रीबुवांना अगदी भरून आलं.

दुपारपर्यंत तिघांचं वर्णन झालं, बारसंही झालं. ती नावं कुणालाही उच्चारता येऊ नयेत अशी त्या शास्त्राची रीतच आहे, म्हणून मी सांगत बसत नाही. तिन्हींच्या शेवटी 'धनेशी' होतं, एवढं खरं.

शिदोबाला आधी फार बरं वाटलं. आपण नवे आहोत हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्यानं शेजारपाजारच्यांना कोवळ्या देठाचा रस पाजला. रस पिऊन झाल्यावर मुंगळा सरपंच म्हणाला, "शिदोबा, तुझी प्रजाती वेगळी, हिची वेगळी. दोन प्रजातींचा संसार आपल्या झाडावर चालत नाही."

"सरपंच, तुम्ही आमच्या लग्नाला होता. दोन पंगतींना बसला होता."

"तेव्हा शास्त्र एवढं पुढे गेलं नव्हतं," सरपंच म्हणाला. "तू पान सोड. नाहीतर सगळ्यांनाच खाली ढकलावं लागेल. आणि हिला तर उडता येत नाही."

शिदोबा धापा टाकत शेंड्यावर गेला.

"शास्त्रीबुवा, गोजरा माझी बायको आहे."

"कशावरून?"

"लग्न झालंय आमचं."

"लग्न हे शास्त्रीय लक्षण नाही."

"पोरं आमची आहेत."

"ती तिसरी प्रजाती आहे."

"अहो, माझ्या डोळ्यांदेखत तिनं अंडी घातली. अंड्यांतून हीच पोरं निघाली. मी तिथेच होतो."

"तू तिचा नवरा म्हणवतोस. तुझी साक्ष कशी धरायची?"

शिदोबानं त्यांचे पाय धरले. शास्त्रीबुवांना त्याची थोडी दया आली.

"एक उपाय आहे," ते म्हणाले. "ढेकण्यांची खरी ओळख नराच्या एकाच अवयवावरून पटते." कोणत्या, ते त्यांनी कानात सांगितलं. मुलांनो, घरी कुणी विचारलं तर मिशा म्हणून सांगा. "तुला टाचणीवर लावायचं. तो अवयव काढून बाटलीत ठेवायचा. मग तो गोजराशी जुळतो का ते पाहायचं."

शिदोबानं सहाही पाय घट्ट आवळून घेतले. "म्हणजे मी नवरा ठरेन, पण उरणार नाही."

"शास्त्राला तेवढं पुरतं," शास्त्रीबुवा म्हणाले.

शिदोबानं घरी येऊन सगळं सांगितलं. गोजरानं धाकटीला जवळ ओढलं. मग म्हणाली, "त्यापेक्षा परके झालेले बरे."

शिदोबा समोरच्या फांदीवर राहायला गेला. तिथून आपलं पान दिसायचं, तेच वाईट होतं. त्याला रस गोड लागेना. मग पाऊस आला. सरपंचाचा हुकूम विसरून तो उडाला आणि पोरांवर पंख पसरून उभा राहिला. पुढच्या पावसातही गेला. त्याच्या पुढच्याही.

धनेशशास्त्री तोवर पुन्हा रिकामे झाले होते. माकडांनी खालच्या फांदीवर त्यांच्यासाठी जागाही करून ठेवली होती. तेवढ्यात त्यांना पावसातलं ते दृश्य दिसलं. एका प्रजातीचा नर, दुसऱ्या प्रजातीच्या मादीच्या सांगण्यावरून, तिसऱ्या प्रजातीच्या पिल्लांवर पंख धरून उभा. कशाचा कशाशी संबंध नाही, आणि एवढी माया. असं शास्त्रात पूर्वी कुणी पाहिलं नव्हतं.

शोध जंगलभर गाजला. शास्त्रीबुवांचा शेंडा कायमचा झाला. मुंगळा सरपंच हार घेऊन आला. "शिदोबा, तू आपल्या झाडाचं नाव काढलंस," तो म्हणाला. कुंभ्याच्या त्या पानाला 'आदर्श पान' ठरवलं गेलं. सत्काराला सगळी फांदी लोटली. भांडखोर जोडप्यांना मुद्दाम पुढे बसवलं, थोडं शिका म्हणून.

शिदोबा बोलायला उठला. "खरं सांगायचं तर ही माझी..."

"गप्प बसा," गोजरा खालच्या आवाजात म्हणाली. "खरं बोललात तर हार काढतील आणि टाचणी आणतील."

शिदोबा खाली बसला. तेवढ्यात धाकटी तुरुतुरु पुढे आली, त्याच्या पायाला बिलगली आणि म्हणाली, "बाबा, घरी चला ना."

सभेत पाणी आलं नाही असा डोळा नव्हता. "बघा," शास्त्रीबुवा गहिवरून म्हणाले, "परक्याचं पोर, पण त्याला बाबा म्हणतंय."

"मोठ्या मनाची आहे," शिदोबा म्हणाला, आणि त्यानं मान खाली घातली.

तात्पर्य : मुलांनो, आपल्या पोरांवर पंख धरलात तर कुणी ढुंकूनही बघणार नाही. तीच पोरं परक्याची म्हणून सांभाळा, हार मिळतील. फक्त पोरांना सभेत आणू नका, जड जातं.