पाहिजे: शेवाळ खाणारा मासा

मासा टाकीत सोडण्याआधी आबाजी वकील त्याची उलटतपासणी घेत. बादलीपाशी उकिडवे बसायचे, चष्मा कपाळावर सारायचे आणि विचारायचे, "तू काय खातं? खरं सांग बाप्पा, टाकीत गेल्यावर जबानी बदलता येनार नाई." मासा तोंडाची उघडझाप करी. मग आबाजी आमच्याकडे वळत. "पाहा, कबूल करून राहिला."

आमच्याकडे म्हणजे माझ्याकडे आणि रेल्वेतल्या रामभाऊ गार्डांकडे. मी शाळेत भूगोल शिकवायचो. समुद्र मी फक्त नकाशात पाहिला होता, पण आबाजींनी मला समुद्रातला तज्ज्ञ नेमलं होतं. नेमणूक नाकारायची सोय नव्हती. रामभाऊंची गाडी भुसावळपर्यंतच जायची, पण पुढच्या गार्डांशी त्यांची दोस्ती होती. त्यामुळे मुंबईचा मासा हातोहात, झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यातून अकोल्याला पोचायचा.

हा सगळा उद्योग सुरू झाला तो वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं तेव्हा. "मुंबई आपली झाली, म्हंजे समुद्र बी आपला झाला," आबाजींचा युक्तिवाद. "मंग आपला हिस्सा काहून सोडाचा?"

खरं कारण गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. आबाजींनी वकिली नुकतीच सोडली होती. बायको कधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. जन्मभर त्यांच्या ओसरीवरच्या बाकावर पक्षकार दाटीवाटीने बसत, विड्या ओढत, एकमेकांची भांडणं ऐकत. आता बाक मोकळा पडला होता. आबाजी रोज सकाळी तो स्वतः पुसायचे आणि त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायचे. रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारावी, तर त्याला घाई असायची.

पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात त्यांचं वावर होतं. तिथल्या विहिरीच्या पाण्याला गुरंसुद्धा तोंड लावत नसत. ते पाणी पिंपात भरून बैलगाडीने घरी आलं. ओसरीवरच्या काचेच्या टाकीत ते ओतलं, त्यात खडेमीठ पडलं. चव बघायचं काम रामभाऊंचं, कारण आम्हा तिघांत समुद्र तोंडात गेलेला माणूस तेवढाच. त्यांनी चूळ थुंकून "जमला" म्हटल्यावर चिमुकले पट्ट्यापट्ट्यांचे मासे आत सोडले गेले. शोभेला समुद्रातला एक दगडही ठेवला. पाण्यात हवा जावी म्हणून आबाजी दिवसभर लोट्याने उंचावरून धार धरायचे.

सारं अकोला टाकी पाहायला लोटलं. बाक पुन्हा भरला. आबाजींचा आवाज पार कोपऱ्यावरच्या पानवाल्यापर्यंत ऐकू जायला लागला.

पण त्या दगडावर हिरव्या शेवाळाचा एक झुपका होता. वऱ्हाडचं ऊन त्याला असं काही मानवलं की बघता बघता पानांना पानं फुटून टाकी गच्च भरली. मासे दिसेनात. "समुद्र मांगतला आन् सांबाराची वाडी मियाली," असं म्हणून लोक हसले, आणि यायचे थांबले. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर; ती काय कोणाच्याही परसात दिसते. राहिलो आम्ही दोघं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी एकच विषय: हे शेवाळ खाणारा मासा कोणता? पहिला उमेदवार देखणा, निळाजर्द. त्याने शेवाळाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, पट्ट्यापट्ट्यांचे मासे मात्र फस्त केले. आबाजींनी त्याच्यावर फौजदारी लावून परत पाठवला. दुसऱ्याने टाकीबाहेर उडी मारली, तो फरार. तिसरा बोय, राखाडी रंगाचा, तोंडावर काही तेज नसलेला. "कोळीण म्हने, हा हिरवंच खाते," रामभाऊंनी हवाला दिला. आल्या आल्या त्याने शेवाळाचे असे लचके तोडले की कोपऱ्यातली काच उघडी पडली. मी टाळी वाजवली. आबाजी मात्र बाकाकडे पाहत होते.

आणि मग बोयने खाणं सोडलं. "फितूर झाला," आबाजी म्हणाले. काहून झाला, यावर आमच्या कित्येक संध्याकाळी गेल्या. मीठ कमी पडलं, ऊन जास्त झालं, त्याला अकोला मानवलं नाही. प्रत्येक मुद्द्याला चहा आणि चिवडा.

एकदा शाळा लवकर सुटली. मी भर दुपारी त्यांच्याकडे डोकावलो. आबाजी बाह्या सारून टाकीवर वाकले होते. हातात उकडलेला पालक. बोय त्यांच्या बोटांतून पानं ओढत होता, पोट टम्म फुगलेलं.

"खाय बाप्पा, पोटभर खाय," आबाजी समजावत होते. "तिकडे तोंड लावू नोको. ते संपलं का समदं संपलं."

माझी चप्पल वाजली. ते दचकून वळले. एवढा मोठा वकील, पण हातातला पालक कुठे ठेवावा ते सुचेना.

"शेवाळ गेल्यावर तुमी येसान काय, मास्तर?" शेवटी त्यांनी विचारलं. "येसान, एखांद दिवस. काच साफ पाहासान, चांगलं झालं म्हनसान. मंग?"

रोज येईन म्हणायला हवं होतं, पण त्यांच्या नजरेसमोर तेवढं खोटं बोलवेना. मी नुसताच बाकावर बसलो.

संध्याकाळी रामभाऊ वैतागले. "अबे, हा मासा बिनकामाचा! दुसरा आनतो. काय मास्तर?"

आबाजी लोट्याने धार धरून होते. ती धार टाकीबाहेर सांडली.

"नको," मी म्हणालो. "अजून नवा आहे तो. बिचकतो आहे. थोडे दिवस पाहू."

"किती दिवस?"

"सांगता यायचं नाही. माशाचं काय सांगावं?"

आबाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. आत तोंड करून त्यांनी स्वयंपाकाच्या बाईंना तीन चहा सांगितले.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मी बाजारातून पालकाची जुडी घेतली, आबाजींच्या बाकावर ठेवली आणि हाक न मारता पुढे गेलो.