शुरू से म्हणणारी गोदा

आमचं शेवटचं भांडण पोह्यातल्या मिठावरून झालं. मी बरोबर होतो. गोदा, म्हणजे माझी बायको, हरायला आली होती, तेवढ्यात दूधवाला आला. दूध घेऊन ती परत बसली, पदर खोचला नि म्हणाली, "शुरू से." म्हणजे भांडण पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला ती जिंकली.

ही खोड तिला बऱ्हाणपूरच्या कोर्टानं लावली. आमच्या दापोऱ्यातल्या सुगंधाची दोनशे केळीची झाडं तिच्या दिरानं एका पहाटे कोयत्यानं तोडली. चाऱ्याला निघालेल्या गोदानं त्याला तोडताना पाहिलं. दुसरं कुणी 'मी पाहिलं' म्हणून पुढं आलं नाही.

गोदा नवं लुगडं नेसून कोर्टात गेली, गवाही दिली. जज्जसाहेब बदलले. कोर्टातला बाबू म्हणाला, "शुरू से." पुन्हा गेली, पुन्हा सगळं सांगितलं. मग वरच्या कोर्टाला कागदात चूक सापडली. "शुरू से." नऊ वर्षं झाली. तोवर दिराचे दात पडले नि लुगडं विटलं.

घरात मग काही अर्धवट चालेना. आरतीत मी शिंकलो की आरती शुरू से. पुतण्याच्या बारशाला आत्या उशिरा आली, तर हिनं पाळणा पहिल्या कडव्यापासून म्हणायला लावला. पोराचं नाव दोनदा ठेवलं. मी म्हणायचो, "म्हातारे, देवाघरी तरी एका दमात जाशील का?"

"जाईन की. तिथले साहेब बदलत नाहीत."

दर पेशीला, म्हणजे कोर्टाच्या तारखेला, ती सुगंधासाठीही भाकरी बांधायची. सुगंधा म्हणायची, "काकू, सोडून दे आता." ही म्हणायची, "मी मेल्यावर सोड. आधी खा."

त्या मिठाच्या दिवशी दुपारी गोदा जेवून आडवी झाली ती उठलीच नाही.

तेराव्यानंतर तारीख होती. शिपायानं तिचं नाव तीनदा पुकारलं. मी म्हणालो, "ओरडू नको, ती मेली." बाहेर वकिलाला सांगितलं, "मला तिचं सगळं पाठ आहे. मी बोलतो."

"काका, ऐकलेलं चालत नाही. पाहिलेला माणूस लागतो. जुनी गवाही धरतील का, भरवसा नाही."

सुगंधा परतीच्या बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसली. उतरताना एवढंच म्हणाली, "काका, राहू द्या. मी थकले."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत मी सुगंधाच्या केळीच्या बांधावर जाऊन बसलो. जाईल येईल त्याला विचारलं, "झाडं तोडली त्या पहाटे तू या वाटेवर होतास का?" दोघं हसले. एक चिडला. मग गावच्या बकऱ्या राखणारा भिला बकऱ्या घेऊन आला. प्रश्न ऐकून काठी टेकून उभा राहिला. हो म्हणाला नाही. नाही पण म्हणाला नाही.

मी सरकलो आणि त्याला बसायला जागा केली.