पाने गळत आहेत

वाचनालयाच्या दारावर शनिवारी सकाळी पाटी लागली : ‘पाने गळत आहेत. मदत हवी. रविवारी आठला यावे.’

पाटी लिहिणाऱ्या ग्रंथपालांना सगळी गल्ली शांतताकाका म्हणे. तीस वर्षांत ते वाचकांशी जे काही बोलले, त्यातले निम्मे शब्द ‘शांतता’ हेच होते आणि उरलेल्या निम्म्यांतही त्यांची काटकसर चाले. पाटीवर दहापेक्षा जास्त शब्द म्हणजे उधळपट्टी, असं त्यांचं ठाम मत.

“अहो, ‘पुस्तकांची’ एवढं तरी लिहा,” काकू म्हणाल्या.

“वाचनालयाच्या दारावर पाटी आहे. पुस्तकांचीच गळणार.”

“दारात एवढं मोठं झाड आहे, म्हणून म्हटलं.”

त्यावर काकांनी शब्द वाया घालवले नाहीत.

पाऊस नुकताच संपला होता. पहाटे अंगावर शिरशिरी यायची, दुपारी डोकं तापायचं आणि मध्येच कुठून तरी कोरडा वारा उठायचा. पावसाळाभरच्या ओलीने पुस्तकांच्या शिवणी सुटल्या होत्या. पुस्तक उघडलं की चार पानं मांडीवर पडत. त्यातच वरच्या कार्यालयाचं पत्र आलं होतं : ‘पुस्तके नुसती पडून आहेत व फाटली आहेत, असे कळते. सोमवारी तपासणी होईल. तसे आढळल्यास वाचनालय बंद करून खोली दाखल्यांच्या खिडकीसाठी घेतली जाईल.’ काकांनी ते पत्र कोणाला दाखवलं नाही. ही खोली गेली तर रोज सकाळी उठून जायचं कुठे, हा प्रश्न मात्र त्यांना जेवू देत नव्हता. गल्लीवर त्यांचा फारसा भरवसाही नव्हता. निम्मे लोक फुकटचं वर्तमानपत्र चाळायला येतात आणि निम्मे पंख्याखाली बसायला, हे त्यांचं तीस वर्षांचं निरीक्षण. पाच जण आले तरी गंगेत घोडं न्हालं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

रविवारी आले पन्नास. प्रत्येकाच्या हातात खराटा, टोपली नाहीतर रिकामं पोतं.

काका तेव्हा अंगणात टेबलं मांडून सुटलेली पुस्तकं उन्हात ठेवत होते. कारखान्याची बस चालवून निवृत्त झालेले ड्रायव्हरदादा पुढे झाले. चार माणसं जमली की त्यांना कुठेतरी न्यायचं, ही त्यांची जुनी सवय.

“काका, तुम्ही फक्त बसा. आजवर काही मागितलं नाहीत, आज पहिल्यांदा मागितलंत. एक पान शिल्लक ठेवणार नाही!”

“अहो, पण...”

“शांतता!” ड्रायव्हरदादा म्हणाले आणि खराटे सुरू झाले.

काय त्या लोकांचा झपाटा! पाऊण तासात अंगण लख्ख झालं, गटार मोकळं झालं, झाडाच्या पारावरचं शेवाळसुद्धा निघालं. काकांनी दोनदा तोंड उघडलं, पण दोन्ही वेळा कोणीतरी त्याला चहाचा कप लावला. आणि नेमका तेव्हाच वारा सुटला. त्याने झाडाला एकदा हलवलं, टेबलांवरून एकदा हात फिरवला आणि अंगणभर पानंच पानं झाली. काही पिवळी झाडाची, काही पिवळी पुस्तकांची. जुनं पुस्तक आणि जुनं झाड यांचा रंग शेवटी एकच होतो. पन्नास माणसं पुन्हा तुटून पडली.

“पानं! माझी पानं!” काका ओरडले. त्यांचा एवढा मोठा आवाज गल्लीने कधी ऐकला नव्हता.

“तीच गोळा करतोय, काका! पोती भरली, आता काडी लावायची फक्त.”

“काडी नको! ती झाडाची नाहीत!”

“मग कोणाची?”

“पुस्तकांची! पुस्तकांची पानं गळत होती! ती चिकटवायला बोलावलं होतं हो तुम्हाला!”

ड्रायव्हरदादांच्या हातातली काडी विझली. अंगणात अशी शांतता पसरली, जशी काकांना तीस वर्षांत मिळाली नव्हती. काका पायरीवर बसले. वरच्या कार्यालयाचं पत्र त्यांनी खिशातून काढलं आणि समोर धरलं.

शिवणकाम करणाऱ्या मावशींनी ते मोठ्यांदा वाचलं, घडी घालून परत दिलं आणि पदर खोचला.

“एवढंच ना? ओता पोती.”

खोलीच्या फरशीवर चौदा पोती ओतली गेली. झाडाची पानं एका बाजूला, पुस्तकांची दुसऱ्या बाजूला. खरी पंचाईत पुढेच होती. प्रत्येक पुस्तकाला एक्क्याऐंशीवं पान असतंच. कुठलं कुठल्या पुस्तकाचं, हे वाचल्याशिवाय कळेना. मग पन्नास माणसं मांडी ठोकून वाचायला बसली, तीही मोठ्यांदा.

“माझ्याकडे एक बाई खिडकीत रडतेय. नवरा स्टेशनवर गेलाय.”

“ती इकडे द्या! माझ्याकडे तो अजून बूटच घालतोय.”

“इथं वाफेवर शिजवायला सांगितलंय. कोणाला, ते कळत नाही.”

“मागचं पान माझ्याकडे आहे. भोपळ्याला.”

“मावशी, खून कोणी केला ते सांगू नका हं! मी अजून बेचाळीसवर आहे!”

खोलीत बाजार भरल्यासारखा गलका झाला. काकांच्या ओठांवर सवयीने तो शब्द आला आणि तिथेच थांबला. जी माणसं पंख्याखाली डुलक्या घेतात म्हणून आपण त्यांना मोजत नव्हतो, ती एका परक्या बाईच्या नवऱ्याला गाडीत बसवण्यासाठी घाम गाळतायत, हे बघून त्यांचे डोळे भरून आले. स्वतःची त्यांना लाज वाटली आणि या लोकांचं कौतुकही.

मावशींनी जाड दोऱ्याने शिवणी घातल्या, काकूंनी खळ शिजवली. दुपारपर्यंत पुस्तकं उभी राहिली, पण ओली. कपाटंही आतून दमट.

“तुमच्या खोलीत ऊन येतंच कुठे?” मावशी म्हणाल्या. “आमच्या गच्चीवर येतं. मी सहा नेते.”

“मी दहा,” ड्रायव्हरदादा म्हणाले. “आणि तो खुनाचा भाग दुसरा पण.”

एका कार्डावर एक पुस्तक हा काकांचा तीस वर्षांचा नियम. तो त्यांनी स्वतःच्या हाताने मोडला. संध्याकाळी नोंदवही सह्यांनी भरली होती आणि कपाटं रिकामी झाली होती.

तपासणी आठवली ती सोमवारी सकाळी अकराला, तपासनीस दारात उभे राहिले तेव्हा.

“पुस्तकं दाखवा.”

“नाहीत.”

“नाहीत म्हणजे?”

“गच्च्यांवर आहेत. खिडक्यांत आहेत. काही उशाखाली असतील.”

तपासनिसांनी एकेक कपाट उघडून पाहिलं. नोंदवही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळली. तेवढ्यात ड्रायव्हरदादा धापा टाकत आत आले.

“काका, एकशे चार नंबरचं पान इथं कुठं राहिलंय का बघा हो! त्या बाईचा नवरा स्टेशनवरच अडकलाय, घरात कोणाला सुचेना झालंय!”

मग तिघांनी मिळून शोधलं. ते पान तपासनिसांना कपाटाच्या मागे सापडलं. त्यांनी ते ड्रायव्हरदादांना दिलं खरं, पण उभ्या उभ्या वाचून काढल्यावरच. नंतर त्यांनी खुर्ची ओढली, फॉर्म पुढे घेतला आणि ‘पडून असलेली पुस्तके’ या रकान्यापुढे बराच वेळ पेन धरून बसले. काका हात जोडून उभे होते.

तो अहवाल आठ दिवसांनी आला. काकूंनी तो मोठ्यांदा वाचला : “प्रत्यक्ष पाहणी केली असता वाचनालयात एकही पुस्तक आढळले नाही. सबब, वाचनालय चालू ठेवावे.”