ओरवोने कॉफी सोडली

"अजून कमीच," तुलिक्की नर्स म्हणाली आणि ओरवोचा धीर सुटला.

"पोरी, रक्त वाढलं का बघायला तू दर वेळी नळीभर रक्त काढतेस. मग ते वाढायचं कसं?"

ओरवोच्या हृदयाची झडप आवळत चालली होती. अंगणातल्या साउनापर्यंत, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरापर्यंत जायचं तरी मध्ये लाकडांच्या ढिगावर टेकावं लागे. शस्त्रक्रिया लवकर व्हायला हवी होती. पण इस्पितळाचा नियम कडक. पेशंटचा थेंब वाया घालवायचा नाही आणि दुसऱ्याचं रक्त होता होईतो चढवायचं नाही. म्हणजे आधी पेशंटचं स्वतःचं रक्त भरपूर हवं, आणि त्यावर पहारा तुलिक्कीचा.

"लोहाच्या गोळ्या घेता ना, आजोबा?"

"न चुकता. कॉफीबरोबर."

तुलिक्कीने कपाळावर हात मारला. "अहो, कॉफी ते लोह अंगाला लागूच देत नाही!"

"मग गोळी गिळायची कशाबरोबर?"

"पाण्याबरोबर! आणि आता कॉफी साफ बंद. 'थोडीशीच घेतली' म्हणाल, माझा तुमच्यावर काडीचा विश्वास नाही."

त्याच दुपारी शेजारचा तौनो आला. ओरवोची बायको हिल्का कॉफी ओतायला लागली तशी ओरवोने आपल्या कपावर हात ठेवला. "मला नको."

तौनोचा घोट घशातच अडकला. फिनलंडच्या त्या गावात शहाणासुरता माणूस कॉफी नाकारतो तो थेट शवपेटीत पडल्यावरच. तौनो हळूच उठला, टोपी घेतली आणि ओरवोचा हात जरा जास्तच वेळ धरून निघून गेला. ओरवो काही फार दिवसांचा सोबती नाही, हे संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

दुसऱ्या दिवसापासून दाराशी रीघ लागली. कोणी वेलदोड्याचा गोड पाव आणला, कोणी ब्लूबेरीचा केक. पाद्रीणबाईंनी तर हळूच विचारलं, "दफनाच्या वेळी स्तोत्र कुठलं आवडेल, ओरवो?" आलेल्याला कॉफी द्यायची आणि यजमानीणबाईने सोबत कप घ्यायचा, ही तिथली रीत. नाहीतर पाहुण्याचा अपमान. हिल्काची किटली दिवसभर उतरेना.

"माझ्या मयतानंतर लोकांना पाजायची कॉफी मी जिवंतपणी बघतोय," ओरवो कळवळला, "आणि तीसुद्धा मला मिळत नाही!"

"गप रे! काळीज केलंय ते खा मुकाट्याने."

"आणि तू?"

"माझं पोट भरलंय पाव खाऊन. तुला रक्त हवंय, मला नको."

अखेर रक्त वाढलं. शस्त्रक्रिया झाली. ओरवो शुद्धीवर आला तेव्हा तुलिक्कीच्या चेहऱ्यावर लढाई जिंकल्याचा आनंद होता. "सांडलेलं रक्तसुद्धा यंत्रात धुऊन तुमचं तुम्हाला परत दिलं, आजोबा. परक्याचा एक थेंब घेतला नाही!"

हिल्का हसत खुर्चीवरून उठली आणि धाडकन खाली कोसळली.

तपासलं तर तिचं रक्त ओरवोच्या पहिल्या आकड्याहून खाली. टाके विसरून ओरवो उठू लागला. "माझं घ्या! सगळं घ्या!"

"खबरदार!" तुलिक्की किंचाळली. "थेंब थेंब राखलंय मी ते! पडून राहा. आजींना लोहाच्या गोळ्या, आणि महिनाभर कॉफी बंद."

दोघं घरी आली. तौनो अभिनंदन करायला धावत आला. ओरवोने कॉफी ओतली. हिल्काने आपल्या कपावर हात ठेवला. "मला नको."

तौनोने एकदा हिल्काकडे पाहिलं, एकदा ओरवोकडे. त्याचे डोळे भरून आले. त्याने टोपी उचलली.

"तौनो! अरे थांब, ऐकून तरी घे!"

पण तौनो फाटकाबाहेर पडला होता आणि पाद्रीणबाईंच्या घराकडे वळलाही होता.

ओरवो मटकन खाली बसला. मग उठला. जड काही उचलायचं नाही असं इस्पितळात बजावलं होतं, म्हणून त्याने मोठी किटली रिकामीच चुलीवर ठेवली आणि कपाकपाने तिच्यात पाणी ओतू लागला.