रेघ हलती ठेव

लॅपटॉपने प्रश्न विचारला आणि तिथेच बिनसलं.

तोवर सगळं सुरळीत होतं. मापेसाहेबांनी नव्या माइकची पिन लॅपटॉपच्या भोकात खुपसली, ती टक्कन बसली आणि पडद्यावर एक चौकट उगवली. 'तुम्ही आत्ता काय जोडलंत?' खाली पर्याय चार: हेडफोन, हेडसेट, स्पीकर, मायक्रोफोन.

"हा मला विचारतोय!" साहेब कडाडले. "पिन याच्या पोटात, आणि काय जोडलं ते मी सांगायचं?"

"अहो, सांगून टाका ना," टेबलापलीकडून बायको म्हणाली. "एक बटण तर दाबायचंय."

"बटणाचा प्रश्न नाही. तत्त्वाचा आहे."

साहेब एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानात शिरायचं, तराजू उलटा करून बघायचा आणि प्रश्न विचारायचे. विचारणार ते, उत्तरं देणार दुकानदार. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी ही व्यवस्था त्यांच्यापुरती चालूच होती, आणि वसाहत अजून त्यांना मापेसाहेबच म्हणायची. त्यांनी 'रद्द'वर बोट मारलं. चौकट मुकाट्याने गेली. मग त्यांनी "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन" म्हटलं, तशी पडद्यावरची हिरवी रेघ टुणटुण उड्या मारू लागली.

"बघ! कळतं सगळं याला. नुसता भोचकपणा."

आजचं रेकॉर्डिंग म्हणजे अकरा वर्षांच्या अन्यायाचा निकाल होता. वसाहतीच्या गायनसंघात साहेब पहिल्या दिवसापासून होते, आणि पहिल्या दिवसापासून मागच्या रांगेत, पंख्याच्या बटणांपाशी. दर वर्षी गाण्यातलं मधलं कडवं एकट्याने म्हणायचं असायचं, आणि गायनाच्या बाई ते आपल्या मर्जीतल्या माणसाला देतात असं साहेबांचं ठाम मत होतं. यंदा त्यांनी ते भर सभेत मांडलं आणि नियमच लिहून आणले. दर घरामागे एक रेकॉर्डिंग. त्यावर नाव नाही, फक्त चिठ्ठीत निघालेला नंबर. बाईंनी नुसता आवाज ऐकून निवड करायची आणि एकदा निवडलेला नंबर कोणत्याही सबबीवर बदलायचा नाही. खाली साहेबांची ठसठशीत सही होती. मुदत आज दुपारी चारपर्यंत.

तीन वाजता नवीनच विघ्न आलं. लॅपटॉपचा पंखा घरघरू लागला. ही घरघर कडव्यात शिरली तर बाईंना आयतंच कारण मिळणार! साहेबांनी लॅपटॉप जेवणाच्या टेबलावरच ठेवला, माइकची लांबलचक वायर दाराखालून झोपायच्या खोलीत सरकवली आणि स्वतः माइकसकट रजयांच्या कपाटात शिरायचं ठरवलं. जाण्याआधी बायकोला हुकूम झाला.

"पंखा बंद, मिक्सर बंद, नळ बंद. तुझं ते शिलाई मशीनही बंद. काय वाट्टेल ते झालं तरी मला हाक मारायची नाही. एक हाक मारलीस की अकरा वर्षं पाण्यात!"

"मग मी करू तरी काय?"

"रेघेवर लक्ष ठेव. रेघ आडवी पडली म्हणजे गाणं गेलं. ती हलती ठेव."

"बरं," ती म्हणाली आणि अर्धी शिवलेली उशीची खोळ बाजूला सारून लॅपटॉपसमोर बसली.

कपाटात डांबराच्या गोळ्यांचा उग्र वास होता. पहिल्या खेपेला साहेबांना ओळीने चार शिंका आल्या. दुसऱ्या खेपेला हँगरची दांडी कोटांसकट डोक्यात पडली. तिसऱ्या खेपेला मात्र ते असे गायले की ज्याचं नाव ते. अकरा वर्षांचा संताप त्या कडव्यात ओतला. घामाने निथळत बाहेर आले तेव्हा चारला आठ मिनिटं कमी होती.

"रेघ?"

"शेवटच्या खेपेला एकदाही पडू दिली नाही," बायको म्हणाली. "पण आधी ऐकून तर बघा."

"शिक्का मारलेलं वजन मी परत तोलत नसतो," साहेब म्हणाले आणि तिसरं रेकॉर्डिंग पाठवून मोकळे झाले.

सहा वाजता बाईंचा फोन आला. न्याय बायकोलाही ऐकू यावा म्हणून साहेबांनी स्पीकर लावला.

"साहेब, नंबर चार तुमच्याच घराचा ना? तोच निवडलाय. काय आवाज आहे हो! कुठे लपवून ठेवला होतात?"

"मागच्या रांगेत, बाई! पंख्याच्या बटणांपाशी!"

"अं? तेवढी एक तक्रार आहे. मागे भिंतीपलीकडे कुणीतरी सारखं ओरडतंय. शेजाऱ्यांना जरा सांगा. आणि वहिनींना इतकी वर्षं संघात का नाही आणलंत?"

"कोणाला?" साहेबांनी विचारलं, पण बाईंनी फोन ठेवला होता.

त्यांनी रेकॉर्डिंग लावलं. अगदी कानाशी, स्वच्छ, बायकोचा आवाज होता. आणि खूप मागे, टाकीत अडकल्यासारखा, कोणीतरी पुरुष मदतीसाठी ओरडत होता.

"हे काय आहे?"

"अहो, तुम्ही आत गेलात आणि रेघ पडली की आडवी! काय जोडलं ते तुम्ही सांगितलंच नव्हतं, माइकचं त्याला काही कळतच नव्हतं, समोरचं तेवढं ऐकत होता मेला. हाक मारायची नाही म्हणालात. म्हणून मीच म्हणून बघितलं, तर हलली. हलती ठेव म्हणालात ना?"

"आणि कडवं कुठून आलं तुला?"

"वीस दिवस या घरात दुसरं काय चाललंय?"

"मी हरकत घेणार!" साहेबांनी नियमांचा कागद काढला. कोणत्याही सबबीवर नाही. दोनदा वाचला, पण पळवाट सापडेना. दुकानदारांच्या एकूण एक पळवाटा माहीत असलेल्या माणसाने तो लिहिला होता.

ते लॅपटॉपवर चिडले, कपाटावर चिडले, माइकवाल्या दुकानदारावर चिडले. मग चोरून रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. आवाजात कुठे गुंजभर तूट निघते का, ते कान देऊन पाहिलं. निघाली नाही, याचाच त्यांना सर्वांत जास्त राग आला. 'संघात घरटी एक पुरे' असं अकरा वर्षं तिला सांगणारे आपणच, हे आठवलं, तेव्हा त्यांना लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी शेजाऱ्यांशिवायचं नवं रेकॉर्डिंग मागवलं. बायको माइक घेऊन झोपायच्या खोलीत गेली.

"अहो, पंखा बंद करा. आणि हूं की चूं करू नका, मागे येतं ते," असं म्हणून तिने दार लावून घेतलं.

साहेबांनी पिन खुपसली. टक्क झालं, चौकट उगवली. 'तुम्ही आत्ता काय जोडलंत?'

दार नीट लागलंय ना, हे साहेबांनी एकदा पाहून घेतलं आणि मुकाट्याने उत्तर दिलं.